मेश वायफाय एपी मोडमध्ये आणि नेट चालत नाही? आधी कोणतं काम कोण करतंय ते बघा

मागच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, आत्याकडे गच्चीवर आम्ही तीसेक जण होतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर आहे, रस्त्यावरून बघितलं तर अगदी अरुंद आणि आत शिरलात की लांबच लांब, मधे चौक, तीन मजले, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसतो. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत सगळं मस्त चाललं होतं, गच्चीवर स्पीकर, खाली उंधियूची गडबड, आणि अकराच्या सुमाराला एकेक जण फोन घेऊन माझ्याकडे यायला लागला, वायफायचा पासवर्ड बदललाय का रे म्हणून. पासवर्ड कोणी बदललेला नव्हता. ज्यांचे फोन सकाळपासून जोडलेले होते त्यांचं नेट पळत होतं, नंतर आलेल्यांचा फोन मात्र "आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे" एवढं दाखवून अडकायचा आणि मिनिटभराने सोडून द्यायचा. त्यात आत्याचा मुलीशी टोरांटोला व्हिडिओ कॉल ठरलेला, पतंगांनी भरलेलं आभाळ दाखवायचं होतं तिला, तिकडे मध्यरात्र उलटलेली आणि ती मुद्दाम जागी राहिलेली. कॉलसाठी मोठा स्क्रीन हवा म्हणून चुलत भावाने त्याचा टॅब आणला होता आणि नेमका तोच जोडला जाईना.

घरातलं मेश, म्हणजे आपसात जोडलेले आणि घरभर एकाच नावाचा वायफाय पसरवणारे डबे, मीच दिवाळीत बसवलं होतं, तीन डबे, एपी मोडमध्ये. म्हणून मी तिन्ही डबे बंद करून चालू केले. दोनदा केले. अर्धा तास गेला. मेशमध्ये काहीही बिघाड नव्हता, आणि हेच मला इथे नीट समजावून सांगायचंय, कारण त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांत हाच प्रकार बघितला: नेट चालेना की लोक मेशच्या मागे लागतात, आणि एपी मोडमध्ये दुखणं बहुतेक वेळा मेशच्या बाहेर असतं.

तर आधी हा एपी मोड म्हणजे काय ते बघू. फायबरची बारीक वायर घरात ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. कोणी त्याला मोडेम म्हणतं, कोणी नुसतं कंपनीचा राउटर. हा डबा एकटाच बरीच कामं करतो. काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचं आपल्या नेहमीच्या नेटवर्कच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो, कंपनीकडे लॉगिन करतो, बाहेरून मिळालेला एकच पत्ता घरातल्या सगळ्यांना मिळून वापरू देतो ज्याला नॅट म्हणतात, घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला आपापला आयपी पत्ता वाटतो ज्याला डीएचसीपी म्हणतात, आणि शिवाय स्वतःचा वायफायही सोडतो. आता तुम्ही मेश आणलंत आणि खोक्यातून काढून तसंच लावलंत तर ते राउटर मोडमध्ये सुरू होतं, म्हणजे तेही नॅट करतं, तेही पत्ते वाटतं. एका घरात दोन कारभारी झाले. नुसतं यूट्यूब बघायचं असेल तर चालून जातं, पण प्रिंटर ओएनटीच्या बाजूला आणि लॅपटॉप मेशच्या बाजूला राहिला की दोघं एकमेकांना दिसत नाहीत, बाहेरून कॅमेरा बघायला अडचण येते, काही गेम कटकट करतात. त्यामुळे मेशला सांगायचं की बाबा तू कारभार सोड, फक्त वायफाय पसरव. हा एपी मोड, एपी म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट.

उलटंही करता येतं, ओएनटीला ब्रिज करायचं आणि सगळा कारभार मेशकडे द्यायचा, आणि तांत्रिकदृष्ट्या ते जास्त स्वच्छ आहे. पण त्यासाठी कंपनीचं लॉगिन हाताशी लागतं, लँडलाइन आणि टीव्हीचा बॉक्सही बऱ्याचदा ओएनटीवरच चालतो, आणि काही गडबड झाली की कंपनीचा माणूस येऊन आधी सगळं मूळपदावर आणतो. त्यामुळे साध्या घरासाठी मी एपी मोडच सुचवतो. फक्त एक गोष्ट मनात पक्की ठेवायची, की आता पत्ता देणारा ओएनटी, बाहेरचा दरवाजा ओएनटी, आणि मेश हा नुसता पाइप आणि नळ.

पाण्याचंच उदाहरण घ्या. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी पिण्याच्या पाण्यासाठी आजव्याचा तलाव बांधून घेतला, तिथून पाणी शहरात येतं, मग आपल्या खालच्या टाकीत, मोटर लावून वरच्या टाकीत आणि मग नळाला. बाथरूमच्या नळाला पाणी आलं नाही तर आपण उठून आजव्याला जात नाही. स्वयंपाकघरातला नळ सोडून बघतो, तिथे येत असेल तर बाथरूमच्या पाइपात अडकलंय, तिथेही नसेल तर गच्चीवर जाऊन टाकी बघतो, टाकी रिकामी असेल तर शेजारी विचारतो तुमच्याकडे आलं का. नेटचंही अगदी असंच करायचं, आणि त्याला पाच मिनिटं लागतात.

फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबलं की तपशील उघडतो, त्यात दोन आकडे बघायचे: फोनचा आयपी पत्ता आणि गेटवे, ज्याला काही फोनमध्ये राउटर लिहिलेलं असतं. समजा तुमच्या ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे, तर फोनचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू झाला पाहिजे आणि गेटवे बरोब्बर १९२.१६८.१.१ पाहिजे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ फोनला कोणीच पत्ता दिला नाही, त्याने स्वतःच काहीतरी लावून घेतलाय, हे आयफोन आणि विंडोजवर दिसतं, अँड्रॉइड बहुतेक वेळा नुसता "मिळवत आहे" वर अडकतो. आणि पत्ता भलत्याच मालिकेतला असेल, १९२.१६८.६८ किंवा १९२.१६८.० असं काही, तर घरात ओएनटी सोडून दुसरं कोणीतरी पत्ते वाटतंय. एवढ्या दोन आकड्यांवरून अर्धं निदान होतं, खरंच.

पत्ता बरोबर असेल तर पुढे पिंग. पिंग म्हणजे हाक मारून बघणं, समोरचा ओ देतो का आणि किती वेळात देतो. फोनसाठी फुकट अ‍ॅप मिळतात, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग लिहून पुढे पत्ता टाकायचा. पहिली हाक ओएनटीला, १९२.१६८.१.१. दुसरी हाक बाहेर, ८.८.८.८ ला, हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस आहे, डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सोय. तिसरी कुठल्याही वेबसाइटच्या नावाला. ओएनटीच ओ देत नसेल तर घरातलाच पाइप तुंबलाय, म्हणजे मेश, वायर किंवा स्विच, म्हणजे एका वायरीवरून अनेक वायरी काढायचा डबा. ओएनटी ओ देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर बाहेरून पाणीच येत नाही, मेशला हात लावू नका. आकडा ओ देतो पण नाव देत नाही, तर डीएनएस बिघडलंय, आणि एपी मोडमध्ये तो डीएनएसही ओएनटीच सांगतो, म्हणून दुरुस्ती ओएनटीच्या पानावरच. ओएनटीला हाक मारल्यावर उत्तर कधी ३ मिलिसेकंदात येतं आणि कधी ४०० मध्ये, मधेमधे येतच नाही, असं असेल तर वायफायचा दुवा कमजोर आहे, त्याचं पुढे सांगतो.

ओएनटीवर एलओएस नावाचा एक दिवा असतो, तो लाल लुकलुकायला लागला तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. आपल्याकडे उत्तरायणाच्या दोन दिवसांत हे होतं, खांबावरून घरात येणाऱ्या वायरीत मांजा अडकतो, कोणीतरी गच्चीवरून जोर लावून ओढतो आणि वायर वाकते किंवा तुटते. अशा वेळी फक्त कंपनीला फोन करायचा. तिथेही एक सांगतो, ओएनटीला वायरने लॅपटॉप जोडून बघून मगच फोन करा. नाहीतर तो भाई येतो, मेशचे डबे बघतो, "तमारा मेशमां प्रॉब्लेम छे" म्हणतो आणि जातो, आणि आपण म्हणतो "पाछळथी प्रॉब्लेम छे", आणि दोघंही अंदाजाने बोलत असतात. वायरने थेट ओएनटीवर नेट नाही हे दाखवलंत की वादच उरत नाही.

आता आत्याकडे काय झालं होतं ते. शेवटी मी खाली उतरून ओएनटीचं पान उघडलं, लॉगिन डब्याखालच्या स्टिकरवर असतं, आणि डीएचसीपीच्या जागी बघितलं तर पत्त्यांची रेंज होती १९२.१६८.१.२ पासून १९२.१६८.१.३३ पर्यंत. म्हणजे ३२ पत्ते, बस. पंगतीत ३२ पाट मांडलेत आणि ३३वा माणूस दारात उभा. घरचीच मंडळी मोजली तर तीन मेशचे डबे, कारण प्रत्येक डब्यालाही एक पत्ता लागतो, चार कॅमेरे, दोन टीव्ही, प्रिंटर, गिझरचा प्लग, आणि घरातल्यांचे फोन-लॅपटॉप धरून एकोणीस-वीस पाट आधीच भरलेले. राहिले बारा-तेरा.

पण पाहुणे तर तेव्हा सात-आठच जोडलेले होते, मग तेरा पाट संपले कसे? हे मला यादी बघितल्यावर कळलं आणि हे मी आधी कुठेच नीट समजून घेतलं नव्हतं. २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० सालच्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक क्रमांक, म्हणजे ज्यावरून नेटवर्क त्याला ओळखतं तो नंबर, लपवतात आणि प्रत्येक वायफायच्या नावासाठी वेगळा बनावट क्रमांक वापरतात. खाजगीपणासाठी चांगलंच आहे ते. पण आत्याकडे ओएनटीचा स्वतःचा वायफाय चालूच होता, वेगळ्या नावाने, आणि पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये तो जुना पासवर्ड साठवलेला. दारातून आत आले की फोन आधी ओएनटीच्या वायफायला लागायचा, एक पत्ता घ्यायचा, मग वर गच्चीवर गेले की मेशच्या नावाला लागायचा, नवा क्रमांक, ओएनटीला वाटणार नवाच माणूस आलाय, दुसरा पत्ता. एक माणूस, दोन पाट. आणि दिलेला पत्ता ओएनटी लगेच परत घेत नाही, त्याची मुदत असते, ह्यांच्याकडे २४ तास होती, त्यामुळे रिकामा पाटही दुसऱ्या दिवसापर्यंत अडवलेलाच. मेश कितीही वेळा बंद-चालू केलं तरी ही वही ओएनटीच्या डोक्यात, तिला काय फरक पडणार.

रेंज २०० पर्यंत वाढवली, ओएनटीचा वायफाय बंद केला, सेव्ह. दोन मिनिटांत टॅब जोडला गेला. तिकडे रात्रीचा एक वाजला होता, पण तिने अर्धा तास आभाळ बघितलं, आत्याने गच्चीच्या चारी बाजूंनी फिरवून दाखवलं, गच्चीवरचा मेशचा सिग्नल कुठे तुटला नाही.

ओएनटीचा वायफाय बंद करायचा सल्ला मी सगळ्यांनाच देतो, पण आधी बघा की टीव्हीचा बॉक्स किंवा कॅमेरा त्याच नावावर तर चालत नाहीये ना, असेल तर तो आधी मेशवर आणा किंवा वायरीवर घ्या. काही जण ओएनटीला आणि मेशला एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवतात, म्हणजे फोन आपोआप बदलेल म्हणून. फोन बदलतो, पण मेशचे डबे आपसात बोलून त्याला जसं हळूच पुढे सरकवतात तसं ओएनटी करत नाही, तो त्यांच्या घरातलाच नाही, त्यामुळे कॉल तिथेच अडकतो. शिवाय ओएनटी आणि मेशचा मुख्य डबा शेजारी शेजारी असतात आणि एकाच चॅनेलवर बोलायला लागले तर एकमेकांचा वेळ खातात.

आता वायर. ह्यावर जरा थांबतो, कारण लोक हिच्याकडे बघतच नाहीत. मांजलपूरला ताईच्या फ्लॅटमध्ये ३०० एमबीपीएसचा प्लॅन, आणि मेशवर कुठेही उभं राहून तपासलं तरी ९३, ९४, कधी ९५. खोलीत ९४, डब्याच्या डोक्यावर फोन ठेवला तरी ९४. हा आकडा लक्षात ठेवा. वायफाय कमजोर असेल तर आकडा जागोजागी बदलतो, ४०, ७०, १५०. सगळीकडे ९४ म्हणजे कुठेतरी वायरीचा दुवा १०० एमबीपीएसवर चालतोय, आणि त्यातून खरा वेग साधारण एवढाच बाहेर येतो.

असं का होतं ते वायर उघडली की दिसतं. आत आठ बारीक तारा, चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्यावाली जोडीदार. १०० च्या वेगाला फक्त दोन जोड्या पुरतात, केशरी आणि हिरवी. १००० च्या वेगाला चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, दोन्ही डबे गुपचूप ठरवतात की चला १०० वर बोलू, आणि आपल्याला कळतही नाही. ताईकडची वायर दाराच्या फटीतून नेलेली होती. मी प्लग काढून उजेडात धरला तर पारदर्शक टोकातून स्पष्ट दिसत होतं, सात तारा सोनेरी पात्यांपर्यंत पोचलेल्या आणि निळी अर्धा सेंटीमीटर अलीकडेच थांबलेली. टोक कापून नवीन प्लग क्रिंप केला, क्रम ठेवला पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पुन्हा तपासलं, २८० च्या वर. प्लगचा खर्च काही रुपये.

वायर चांगली असूनही ९४ येत असेल तर ओएनटीचं पोर्ट बघा. काही ओएनटींमध्ये चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० च्या वेगाचं असतं आणि बाकीची तीन १०० ची, आणि बसवणाऱ्याने हाताला लागेल त्यात वायर खोचलेली असते. एखादं पोर्ट टीव्हीच्या बॉक्ससाठी राखीव ठेवलेलं असतं, त्यात मेश लावलं तर पत्ताच मिळत नाही. दुसऱ्या पोर्टात लावून बघायला काय जातंय. मधे स्विच असेल तर तोही गिगाबिटचा आहे ना बघा, जुने आठ पोर्टवाले स्विच बऱ्याच घरांत अजून पडलेत. आणि नवीन वायर घेताना दुकानात तांब्याची आहे का विचारा, वरून तांबं आणि आतून अ‍ॅल्युमिनियम अशी स्वस्त वायर सर्रास विकली जाते, लांब अंतरावर ती त्रास देते आणि दोन-चारदा वाकवली की तुटते.

वायरीचाच दुसरा प्रकार म्हणजे लूप, आणि हा घाबरवून सोडतो. साफसफाई करताना कोणाला तरी टेबलामागे एक सुटं टोक लोंबताना दिसतं, स्विचला एक भोक रिकामं असतं, आणि चांगल्या मनाने ते टोक त्या भोकात जातं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये. आता एक निरोप गोल गोल फिरत राहतो, त्याच्या प्रती निघत राहतात, काही सेकंदांत अख्खं घर ठप्प. ओळख एकच, स्विचवरचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकतात. मेशच्या दुसऱ्या डब्याला दोन वायरींनी त्याच स्विचला जोडलं तरी हेच. स्विचमधल्या वायरी एकेक करून काढा, ज्या वायरीला दिवे शांत होतात ती गुन्हेगार.

भलत्याच मालिकेतला पत्ता दिसतोय म्हटलं ना मघाशी, त्याची कारणं बहुतेक दोन. एक, जुना राउटर स्विच म्हणून वापरलेला असतो आणि त्याचं पत्ते वाटणं बंद करायचं राहून गेलेलं असतं. मग ज्याने आधी पत्ता दिला त्याचा, म्हणून त्याच खोलीत एकाचं चालतं आणि दुसऱ्याचं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा आणि वायर त्याच्या वॅन भोकात नाही, लॅन भोकात लावा. दुसरं कारण जास्त वेळा बघितलंय: कोणीतरी मेशचं रिसेट दाबलेलं असतं. फॅक्टरी रिसेट झालं की मेश एपी मोड विसरतं आणि परत राउटर होतं. अ‍ॅपमध्ये नाव-पासवर्ड तेच टाकून पुन्हा सुरू केलं की वरून सगळं पूर्वीसारखं दिसतं, पण प्रिंटर गायब, टीव्हीवर फोन कास्ट होत नाही. म्हणून रिसेट केलंत तर मोड पुन्हा एपी करायला विसरू नका. आणि ओएनटीच्या मागचं ते बारीक भोक, ज्यात टाचणी घालून रिसेट करतात, त्याला हात लावूच नका. त्यात कंपनीचं लॉगिन साठवलेलं असतं, ते पुसलं गेलं की माणूस येईपर्यंत घर बंद.

एपी मोड लावल्यावर मेशचं पान उघडत नाही म्हणून बरेच लोक घाबरतात. ते बिघडलेलं नाही. आधी मेशचा स्वतःचा पत्ता होता, आता तो ओएनटीने दिलेल्या पत्त्यावर राहतो, ओएनटीच्या यादीत जाऊन कोणता मिळालाय ते बघायचं आणि तिथेच तो त्याच्यासाठी राखून ठेवायचा. तसंच मुलांची वेळ ठरवणं, कोणाला किती वेग द्यायचा, ह्या गोष्टी एपी मोडमध्ये बहुतेक मेशमधून नाहीशा होतात कारण तो आता दरवाजावर उभाच नाही. वहिनीची हीच तक्रार होती, लेकाचं नेट रात्री साडेनऊला बंद व्हायचं ते होईना. ते ओएनटीत जमलं तर तिथे, नाहीतर सरळ मुलाच्या फोनमध्येच लावावं लागतं.

राहिला वायफायचा दुवा. डबे वायरीने जोडलेले असतील तर निम्मी चिंता मिटते, आणि माझं स्पष्ट मत आहे की जुन्या जाड भिंतींच्या घरात चौकातून एक वायर वर न्यावीच. वायर शक्य नसेल तर दुसरा डबा जिथे नेट पोचत नाही तिथे ठेवू नका. हीच चूक सगळे करतात. त्यालाही पुढे द्यायला आधी काहीतरी मिळायला हवं ना, म्हणून तो मधे, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे. आत्याकडे तो मधल्या मजल्यावर चौकाकडे उघडणाऱ्या खिडकीत आहे, कारण चौकात भिंत नाही, हवा आहे. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी ह्यांच्या मागे डबा ठेवला की सिग्नल मेला. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, उणे ५० म्हणजे छान, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधास्त, उणे ७५ च्या खाली गेलात की रडारड. आणि साध्या दोन बँडच्या, म्हणजे २.४ आणि ५ गीगाहर्ट्झच्या, मेशमध्ये एकच रेडिओ मागच्या डब्याचं ऐकतो आणि फोनशीही बोलतो, म्हणून दुसऱ्या डब्यावर वेग साधारण निम्मा होतो, तो बिघाड नाही.

फोन वरच्या मजल्यावर जाऊनही खालच्याच डब्याला चिकटून बसतो ही तक्रार खूप येते. कोणत्या डब्याला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवू शकतं. आयफोन तर सिग्नल उणे ७० च्या खाली जाईपर्यंत दुसरा डबा शोधायलाही जात नाही. त्यामुळे डबे फार जवळ ठेवले तर फोनला हलायची गरजच वाटत नाही. दोनदा बघितलंय, तीन डब्यांतला एक काढून टाकला आणि घर सुधारलं. जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग जोडलाच जात नसेल तर सुरक्षेत डब्ल्यूपीए३ आहे का बघा, डब्ल्यूपीए२ करून पुन्हा प्रयत्न करा, फास्ट रोमिंग, म्हणजे एका डब्यावरून दुसऱ्यावर पटकन जायची सोय, चालू असेल तर ते बंद करा, आणि हे बहुतेक फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात हे लक्षात ठेवा.

चॅनेलचं थोडक्यात. २.४ वर १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांवर न चढणारे, पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीत, आणि सोसायटीत तिन्ही गच्च भरलेले असतात, त्याला इलाज नाही, मोठी कामं ५ गीगाहर्ट्झवर न्या. ५ मधले काही चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात, ५२ ते १४४, त्यांवर बसण्याआधी डब्याला किमान एक मिनिट गप्प राहून ऐकावं लागतं आणि रडार ऐकू आलं तर उठून जावं लागतं. म्हणून रिस्टार्टनंतर ५ चं नाव मिनिटभर दिसत नाही, किंवा दिवसात मधेच सगळ्यांचं एकदम तुटतं. सेटिंग मिळत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनेल द्या.

लाईट जाऊन आली की नेट येत नाही, ह्याचं कारण क्रम. मेश लवकर उठतं, ओएनटीला फायबर पकडून लॉगिन व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर मेशने पत्ता मागितलेला असतो आणि कोणी दिलेला नसतो. आधी ओएनटी चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग मुख्य डबा, मग बाकीचे. ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर हा प्रश्नच येत नाही, फक्त ओएनटीच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या. मे महिन्यात रोज दुपारी नेट बंद-चालू होत असेल तर अ‍ॅडॉप्टरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर आधी तोच बदला, आणि डबा बंद कपाटातून बाहेर काढा.

एवढं करूनही सुटलं नाही आणि कोणाला फोन करायची वेळ आली तर "नेट चालत नाही" असं सांगू नका. फोनचा आयपी पत्ता, गेटवे, ओएनटीला पिंग लागतोय का, ८.८.८.८ ला लागतोय का, आणि ओएनटीला थेट वायर लावून वेग किती येतो, हे पाच कागदावर लिहून मग फोन करा. आत्याने हा कागद ओएनटीच्या शेजारी भिंतीला चिकटवलाय, वर ओएनटीचा पत्ता आणि कोणती वायर कोणत्या पोर्टात आहे तेही. मागच्या आठवड्यात तिने फोनवर मला पहिले दोन आकडे वाचून दाखवले, पत्ता १९२.१६८.६८ ने सुरू होत होता, आणि मी विचारलं, "आत्या, मेशचं ते मागचं बटण कोणी दाबलं का गं?" नातवाने दाबलं होतं.